व्हरमाँटची सिंगल-पेयर योजना: कायदा आधी, हिशेब नंतर

17 डिसेंबर 2014 रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे गव्हर्नर पीटर शमलिन यांनी एक घोषणा केली. राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला एकाच सार्वजनिक योजनेतून आरोग्य विमा देण्याचा बेत ते आता पुढे नेणार नव्हते. ज्यांनी 2010 ची निवडणूक याच आश्वासनावर लढवून जिंकली आणि ज्यांच्या सहीने 2011 मध्ये तसा कायदा झाला, त्यांनीच तो बाजूला ठेवला. विरोधकांनी पाडला असता तर या प्रकरणात फारसे शिकण्यासारखे नव्हते; अमेरिकेत आरोग्य सुधारणा पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. इथे मात्र विधिमंडळाची दोन्ही सभागृहे गव्हर्नरच्या पक्षाकडे होती, रस्त्यावर चळवळ होती, हाताशी तज्ज्ञांचा अहवाल होता आणि कायदाही होता.

'फार महाग पडत होते' हे या प्रकरणाचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. महाग आहे हे साडेतीन वर्षांनी का कळले, आणि तोवर खर्च खाली आणण्याच्या वाटा का बंद झाल्या होत्या, हा खरा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

व्हरमाँट हे कॅनडाच्या सीमेला लागून असलेले, सव्वासहा लाख वस्तीचे राज्य. रुग्णालये 14. विमा विकणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लहान मुलांसाठी 1989 पासून 'डॉक्टर डायनासोर' नावाची सरकारी योजना चालू होती आणि 1990 च्या दशकात तिची व्याप्ती वाढली. 2012 च्या राज्याच्या पाहणीत विमा नसलेल्यांचे प्रमाण 7 टक्क्यांच्या आत होते. देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही ते कमी.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण विम्याचे कार्ड खिशात असणे आणि उपचार परवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ते दरवर्षी वाढत होते. अनेकांच्या पॉलिसीत पहिले काही हजार डॉलर स्वतः भरल्याशिवाय कंपनी हात लावत नव्हती. नोकरी गेली की विमा जायचा, आणि विमा जाईल या भीतीने लोक नोकरी सोडत नसत.

शिवाय कागदांचा पसारा. एखाद्या छोट्या दवाखान्यात बिलांचे काम बघणाऱ्या कारकुनाच्या टेबलाशी उभे राहिले तर तो दिसतो. सकाळी आलेल्या पहिल्या पेशंटचे बिल मेडिकेअर या सरकारी विम्याकडे जाते, कारण वय 65 च्या पुढे. दुसऱ्याचे मेडिकेड या दुसऱ्या सरकारी विम्याकडे, कारण उत्पन्न कमी. तिसऱ्याचे खासगी विमा कंपनीकडे. चौथ्याच्या कार्डावर त्याच कंपनीचे नाव असले तरी पैसे भरणार त्याचा मालक, कारण त्या कारखान्याने स्वतःचा निधी काढलेला आहे आणि विमा कंपनी फक्त कागद हलवते. चौघांना एकच तपासणी लिहून दिली तरी चौघांचे दर वेगळे, फॉर्म वेगळे, आणि आधी परवानगी घ्यायची की नाही याचे नियमही वेगळे. नाकारलेला दावा पुन्हा पाठवायचा, फोनवर ताटकळायचे, हे रोजचेच.

सिंगल-पेयरची कल्पना या टेबलापासून समजून घेतली तर सोपी आहे. डॉक्टर आणि रुग्णालये खासगी राहिली तरी चालतात, पण बिल भरणारा एकच. त्यामुळे दर एक, फॉर्म एक, आणि भाव ठरवताना सगळी ताकद एका हातात. कॅनडातले प्रांत आणि तैवान असेच चालतात.

प्रश्न नेमका काय होता

अडचण दुहेरी होती. पहिली सगळीकडची: विम्याचे हप्ते बंद करून तीच रक्कम करातून गोळा करायची म्हटली की, एकूण खर्च तेवढाच राहिला तरी कोणाच्या खिशातून किती जाणार ते बदलते. आजवर मालक भरत असलेला हप्ता कामगाराला दिसत नाही. तो पगारातूनच कापला गेलेला असतो, पण पगाराच्या चिठ्ठीवर तसे छापलेले नसते. कर मात्र दिसतो.

दुसरी अडचण अमेरिकेतल्या राज्यांचीच. मेडिकेअर केंद्र सरकारची. मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. लष्करातल्यांचा विमा पुन्हा केंद्राचा. आणि 1974 चा एरिसा कायदा सांगतो की मालकाने स्वतःच्या निधीतून चालवलेल्या आरोग्य योजनांना राज्ये हात लावू शकत नाहीत. व्हरमाँटमध्ये आयबीएमचा मोठा कारखाना होता. अशा कंपन्यांना आपली योजना बंद करा असे राज्य सांगू शकत नव्हते. फार तर सगळ्यांवर पगाराच्या प्रमाणात कर बसवायचा आणि ते आपणहून योजना बंद करतील अशी आशा धरायची. म्हणजे बिल भरणारा एकच ठेवायचा म्हटले तरी राज्याच्या हातात उरणारे भरणारे मोजकेच.

त्यात 2010 चा ओबामांचा आरोग्य कायदा. त्यातल्या कलम 1332 खाली राज्याला वेगळी वाट धरायची मुभा होती, केंद्राच्या अनुदानाची रक्कमही सोबत मिळणार होती, पण 2017 पासून. व्हरमाँटच्या खासदारांनी ही तारीख 2014 वर आणायचा प्रयत्न केला. ओबामांनी फेब्रुवारी 2011 मध्ये त्या कल्पनेला पाठिंबाही दिला. अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, ते विधेयक पुढे सरकले नाही.

इथेच वेळापत्रकाचा पहिला पेच पडला. व्हरमाँटमध्ये गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची असते. देशात अशी राज्ये दोन, दुसरे शेजारचे न्यू हॅम्पशायर. 2011 मध्ये कायदा आणि 2017 मध्ये योजना, म्हणजे मध्ये 2012, 2014 आणि 2016 अशा तीन निवडणुका.

समोरचे पर्याय

2010 मध्येच विधिमंडळाने हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शाओ यांना अभ्यास सांगितला होता. तैवानची 1995 ची योजना आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 2011 च्या सुरुवातीला त्यांच्या गटाने तीन पर्याय मांडले.

पहिल्यात सगळे सरकारच चालवणार. दुसऱ्यात खासगी कंपन्या राहणार आणि त्यांच्या शेजारी एक सरकारी विमा उभा राहणार. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. तिसऱ्यात पैसे एका ठिकाणी, धोरण स्वतंत्र मंडळाकडे, आणि दावे निकाली काढण्याचे रोजचे काम कंत्राटाने बाहेर. अहवालाने तिसऱ्याची शिफारस केली. पहिल्यात सरकार बदलले की दरांवर राजकीय दबाव येण्याची भीती होती. दुसऱ्यात वर सांगितलेल्या टेबलावर आणखी एक फॉर्म वाढला असता, कमी काहीच झाले नसते.

अहवालाचा अंदाज असा की दहा वर्षांत आरोग्य खर्चात सुमारे एक चतुर्थांश बचत होईल. राजकारणात नेमका हाच आकडा पुढे फिरला. तो कशावर उभा होता हे मात्र सोयीस्करपणे मागे पडले. कागदपत्रांतली बचत हा त्यातला एक भाग. बाकीची बचत फसव्या बिलांना आळा, डॉक्टर-रुग्णालयांना पैसे देण्याची पद्धत बदलणे आणि वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांऐवजी दोष न ठरवता भरपाई देण्याची व्यवस्था यांतून यायची होती. एक कडी काढली की आकडा त्या प्रमाणात खाली यायला हवा. 2011 च्या कायद्यात खटल्यांच्या जागी नवी व्यवस्था आली नाही, तरी भाषणांत एक चतुर्थांश तसाच राहिला.

चौथा पर्यायही होता. चालू योजनाच टप्प्याटप्प्याने वाढवायच्या: मुलांची योजना तरुणांपर्यंत न्यायची, किंवा आधी फक्त प्राथमिक उपचार सगळ्यांना मोफत करायचे. मुलांच्या योजनेचा वीस वर्षांचा अनुभव गाठीला होता. पण 2011 मध्ये वातावरण असे होते की अर्धी भाकरी मागणे म्हणजे माघार वाटली असती. 'आरोग्यसेवा हा मानवी हक्क' ही मोहीम 2008 पासून गावोगाव चालली होती, आणि तिच्या कार्यकर्त्यांना पूर्ण योजनाच हवी होती.

काय केले

26 मे 2011 रोजी शमलिन यांनी कायदा 48 वर सही केली. योजनेचे नाव ग्रीन माउंटन केअर. त्याबरोबर पाच सदस्यांचे ग्रीन माउंटन केअर मंडळ आले, रुग्णालयांची अंदाजपत्रके आणि विम्याचे दर तपासणारे. हे मंडळ कायद्याचा सगळ्यात टिकाऊ भाग ठरले.

कर किती, कोणावर, हे कायद्यात नव्हते. पैसे कसे उभे करायचे याचा आराखडा सरकारने जानेवारी 2013 पर्यंत द्यावा, एवढेच लिहिले होते. पैसे, केंद्राची परवानगी आणि दर्जा याबाबतच्या अटी पूर्ण झाल्याशिवाय योजना सुरू होणार नाही, असेही त्यात होते.

हा पहिला निर्णायक क्षण. बाजू दोन्ही समजण्यासारख्या आहेत. करांचे आकडे टाकले असते तर कायदा 2011 मध्ये बहुधा झालाच नसता. शिवाय योजना सहा वर्षांनी सुरू होणार. तेव्हाचे पगार, तेव्हाचा खर्च आज कसा सांगायचा? पण याचा परिणाम असा की आमदारांनी तत्त्वाला मत दिले, किमतीला दिले नाही. पुढे किंमत समोर आली तेव्हा तिच्यासाठी कोणीच शब्द दिलेला नव्हता. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

जानेवारी 2013 ची तारीख आली. सरकारने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेकडून करून घेतलेला खर्चाचा अंदाज दिला: साधारण 1.6 अब्ज डॉलर राज्याला नव्याने उभे करावे लागतील. ते कोणत्या करातून, हे त्यात नव्हते. कायद्याने मागितलेली नेमकी तीच गोष्ट गाळलेली होती. पुढे सत्ताधारी पक्षाच्याच एका आमदाराने करांबाबतची सरकारी कागदपत्रे मिळावीत म्हणून कोर्टात धाव घेतली. कोर्टाने गव्हर्नरच्या बाजूने निकाल दिला. खटला सरकार जिंकले, पण आपल्याच लोकांपासून हिशेब लपवला जातोय ही भावना कोर्टाच्या निकालाने जात नसते.

दरम्यान एक जोडकाम गळ्यात पडले होते. केंद्राची मुभा 2017 पर्यंत नाही, म्हणून ओबामांच्या कायद्याप्रमाणे विमा विकणारे सरकारी संकेतस्थळ राज्याला उभारावेच लागले. तीन वर्षांनी मोडीत काढायच्या गोष्टीवर मोठी रक्कम आणि माणसे लागली. 1 ऑक्टोबर 2013 ला ते सुरू झाले आणि कोलमडले. लोकांना पत्ता बदलणे, घरात जन्मलेल्या बाळाचे नाव घालणे असल्या साध्या गोष्टी जमेनात. 2014 मध्ये कंत्राटदार बदलला गेला आणि सप्टेंबरमध्ये संकेतस्थळ काही काळ बंदच ठेवावे लागले. तांत्रिकदृष्ट्या याचा सिंगल-पेयरशी संबंध नव्हता. पण बाळाचे नाव नोंदवायला आठवडे घेणारे सरकार उद्या सगळ्या राज्याची बिले भरणार, हे ऐकून कोणाचा विश्वास बसणार? कल्पनेवरचा आक्षेप नसला तरी चालवणाऱ्यावरचा आक्षेप पुरतो.

नोव्हेंबर 2014 च्या निवडणुकीत शमलिन जेमतेम वाचले. प्रतिस्पर्ध्यापेक्षा मते अडीच हजारांच्या आतबाहेर जास्त, आणि निम्म्याहून अधिक मते कोणालाच नाहीत. अशा वेळी व्हरमाँटच्या घटनेप्रमाणे विधिमंडळ गव्हर्नर निवडते. तसे ते जानेवारी 2015 मध्ये निवडले गेले. घोषणा मात्र त्याआधीच, निवडणुकीनंतर साधारण सहा आठवड्यांनी आली.

आकडे समोर आले तेव्हा

डिसेंबर 2014 च्या अंतिम अहवालातला हिशेब असा: सगळ्या मालकांवर पगाराच्या 11.5 टक्के कर. शिवाय कुटुंबांवर उत्पन्नानुसार चढत जाणारा, जास्तीत जास्त 9.5 टक्क्यांचा कर, वर्षाला 27,500 डॉलरच्या मर्यादेत. 2017 साठी करांतून 2.6 अब्ज डॉलर उभे करायचे होते, म्हणजे राज्याला तेव्हा मिळणाऱ्या कर-उत्पन्नाच्या दीडपट रक्कम नव्याने.

हे वाचून दचकायला होते, पण दुसरी बाजू त्याच पानावर आहे: हप्ते बंद. कल्पनेसाठी दहा कामगारांची दोन दुकाने घेऊ, दोन्हीकडे सरासरी पगार 40,000 डॉलर. पगाराचा एकूण खर्च 4 लाख, त्यावर कर 46,000. पहिला दुकानदार आधीपासून दर कामगारामागे वर्षाला 8,000 डॉलर विम्यावर घालतो, म्हणजे 80,000. त्याचे 34,000 वाचतात. दुसरा विमा देतच नाही. त्याच्यावर 46,000 डॉलरचा बोजा एका रात्रीत येतो. गावात दोघांची दुकाने समोरासमोर. सभेत बोलायला उभा राहतो तो दुसरा; पहिला हिशेब करून गप्प बसतो.

अमेरिकी कायद्याने लहान मालकांवर विमा देण्याची सक्ती नाही, त्यामुळे दुसऱ्यासारखे बरेच होते. त्यांना काही वर्षे सवलत द्यायची तर आणखी किमान 50 कोटी डॉलर लागणार होते, आणि ते उरलेल्यांच्या करातूनच यायचे.

कुटुंबांचेही तसेच. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या बहुतेकांचा फायदा होणार होता. पण वर्षाला दीड लाख डॉलर मिळवणारे जोडपे घ्या, दोघे शिक्षक किंवा सरकारी नोकरीतले, ज्यांच्या विम्याचा बहुतेक हप्ता आज मालक भरतो. 9.5 टक्क्यांनी त्यांना 14,250 डॉलर भरावे लागले असते. हे लोक श्रीमंत नव्हेत. कल्पनेला पाठिंबा देणाऱ्यांतच ते बहुसंख्येने होते. साधारण 2 लाख 90 हजारांच्या वर उत्पन्न गेले की मर्यादा लागू, म्हणजे खऱ्या श्रीमंतांचा वाटा टक्केवारीने उलट घटत जाणार. ही मर्यादा का ठेवली ते कळते: लोक सीमा ओलांडून न्यू हॅम्पशायरला राहायला जाऊ शकतात, तिथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. पण कळले तरी ते दिसायला वाईट.

उत्पन्नाच्या बाजूलाही गळती झाली होती. केंद्राकडून कलम 1332 खाली 26.7 कोटी डॉलर मिळतील असे 2013 मध्ये धरले होते, ते नव्या अंदाजात 10.6 कोटींवर आले. मेडिकेडचे केंद्राकडचे पैसेही अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाले. आणि बचतीचे काय? शाओ यांच्या एक चतुर्थांशाच्या जागी आता पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दीड-पावणेदोन टक्के.

माझ्या मते खरा तुटण्याचा क्षण: 94

या सगळ्या आकड्यांत एक निवड दडलेली आहे, आणि तिची चर्चा करांपेक्षा फार कमी झाली. योजना सरासरीने उपचारखर्चाचा किती भाग उचलणार? सरकारने 94 टक्के धरले. रुग्णाच्या खिशातून सरासरी 6 टक्केच. आधीच्या दोन्ही अभ्यासांत हा आकडा 87 च्या आसपास होता. त्यातच शेजारच्या राज्यांतून रोज व्हरमाँटमध्ये कामाला येणाऱ्यांनाही योजनेत घेण्याचे ठरले, कारण त्यांच्या मालकांनी कर भरायचा आणि त्यांना विमा मात्र नाही, असे चालले नसते.

94 कुठून आले? सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांच्याकडे त्याच्या जवळपास जाणारे संरक्षण आधीपासून होते. त्यांना आजच्यापेक्षा कमी देणारी योजना आणायची म्हणजे आपल्याच सगळ्यात भक्कम पाठीराख्यांना सांगायचे की तुमचा विमा आम्ही पातळ करतोय. ते टाळण्यासाठी सगळ्या राज्याचा विमा त्यांच्या पातळीवर नेला. कोणाचेही नुकसान नको, या एका अटीने किंमत ठरली. कमी पातळीची योजना चालली असती का? शमलिन यांचे म्हणणे असे की तसे करून बऱ्याच लोकांना आजच्यापेक्षा वाईट विमा मिळाला असता, आणि तरीही कर जबरच राहिले असते. दुसरा मुद्दा बरोबर आहे: 94 चे 87 केले तरी कर एकदम हलका होत नाही. पण 11.5 आणि त्याहून थोडे कमी यांत राजकीयदृष्ट्या फरक असतो, आणि तो वाटाघाटीला जागा देणारा असतो. समोर आलेला आराखडा मात्र घ्या किंवा सोडा असा होता, आणि तो मांडणाऱ्यानेच सोडला.

परिणाम

घोषणेनंतर चळवळीतल्या लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले. जानेवारी 2015 मध्ये गव्हर्नरच्या शपथविधीच्या दिवशी राजधानी माँटपेलियरच्या विधानभवनात निदर्शने झाली, धरणे धरले गेले, अटकाही झाल्या. शमलिन यांनी त्याच वर्षी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले, आणि 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे फिल स्कॉट निवडून आले.

कायदा 48 रद्द झाला नाही. मंडळ काम करत राहिले. 2016 मध्ये राज्याने केंद्राशी करार करून वेगळी वाट धरली: भरणारे अनेकच राहू द्यायचे, पण सगळ्यांनी डॉक्टर-रुग्णालयांना पैसे देण्याची पद्धत सारखी ठेवायची. विमा नसलेल्यांचे प्रमाण 2014 च्या पाहणीत 4 टक्क्यांच्या खाली आले होते, ते मात्र ओबामांच्या कायद्यामुळे आणि त्याच बदनाम संकेतस्थळामार्गे.

इतर राज्यांवर सावली पडली. नोव्हेंबर 2016 मध्ये कोलोरॅडोत अशाच योजनेवर थेट मतदान झाले. तिथे पगारावरचा 10 टक्के कर मतपत्रिकेवरच लिहिलेला होता, आणि जवळपास 80 टक्के लोकांनी नकार दिला. कॅलिफोर्नियात 2017 मध्ये सिनेटने विधेयक मंजूर केले, पण पैसे कुठून येणार ते त्यात नव्हते, म्हणून असेंब्ली या दुसऱ्या सभागृहाच्या अध्यक्षांनी ते अडवले. किंमत लपवली तरी पडते, दाखवली तरी पडते, असा अर्थ काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. कोलोरॅडोत किंमत दाखवली, पण मालक आज भरत असलेला हप्ता पगाराच्या चिठ्ठीवर दाखवायची तजवीज कोणी केली नव्हती. जुना आकडा दिसत नसेल तर नवा आकडा नेहमीच मोठा वाटतो.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट स्वस्तातली होती आणि राज्याच्या हातातही. 2011 मध्येच कायदा करून प्रत्येक मालकाला सांगायचे की कामगाराच्या विम्यावर तुम्ही वर्षाला किती घालता ते पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला छापा. ओबामांच्या कायद्याने हा आकडा वर्षाच्या शेवटी करासाठीच्या फॉर्मवर आणला होता, पण तो मोठ्या मालकांपुरता, आणि त्या फॉर्मचा तो कोपरा कोण वाचतो? दर महिन्याला डोळ्यांसमोर राहिला असता तर 2014 मध्ये 11.5 टक्क्यांची तुलना शून्याशी झाली नसती. एरिसाखालच्या योजनांबाबत यावर वाद झाला असता हे खरे, पण बाकीच्या मालकांपासून सुरुवात करता आली असती.

दुसरी, 94 की 87 हा प्रश्न 2012 मध्ये उघड मांडायचा, शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना समोर बसवून. त्यांच्या वरच्या संरक्षणाची भरपाई वाढीव पगारात करता येते. हप्त्याचे वाचलेले पैसे त्याच मालकाकडे असतात. या वाटाघाटी अवघड असतात, पण निवडणुकीनंतरच्या सहा आठवड्यांत तर त्या होतच नाहीत.

तिसरी गोष्ट क्रमाची. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने 1947 मध्ये आधी फक्त रुग्णालयाचा खर्च सार्वजनिक विम्यात आणला. डॉक्टरांच्या फीसाठी तिथे 1962 उजाडले, आणि तेव्हाही डॉक्टरांचा 23 दिवसांचा संप झाला. मधल्या पंधरा वर्षांत प्रांताला बिले भरण्याची सवय झाली आणि लोकांना प्रांत बिले भरतो हे पाहण्याची. व्हरमाँटकडे मुलांची योजना होतीच. ती 26 वर्षांपर्यंत वाढवण्याचा विचार 2016 च्या सुमारास पुढे आला, पण तोवर विश्वास आणि पैसे दोन्ही आटले होते. यावर प्रामाणिक आक्षेपही आहे: तुकड्यातुकड्यांनी गेले तर बिल भरणारा एकच होत नाही, आणि टेबलावरचे फॉर्म तसेच राहतात. बचत सगळ्यात शेवटी येते, खर्च आधी. शाओ यांचा गट पूर्ण उडीच्या बाजूने होता ते याचमुळे.

पूर्ण उडी घेणाऱ्या तैवानकडे मात्र एक गोष्ट होती जी माँटपेलियरकडे नव्हती. तिथे कामगार, सरकारी नोकर आणि शेतकऱ्यांचे वेगवेगळे विमे एकत्र करणारे सरकार हेच त्या विम्यांचे मालक होते. व्हरमाँटला मेडिकेअर वॉशिंग्टनकडून, मोठ्या कंपन्या एरिसाकडून, आणि अनुदानाची रक्कम अजून न झालेल्या अर्जातून मिळवायची होती. मंदी आली की पगारावरच्या कराचे उत्पन्न घटते आणि आजारपण घटत नाही, तेव्हा कर्ज काढून वेळ मारून नेण्याची केंद्राइतकी ताकद छोट्या राज्याकडे नसते. कोणताही गव्हर्नर असता तरी ही भिंत होतीच.

म्हणून वाद पुन्हा वॉशिंग्टनला गेला. व्हरमाँटचेच सिनेटर बर्नी सँडर्स यांनी सप्टेंबर 2017 मध्ये देशव्यापी 'मेडिकेअर फॉर ऑल' विधेयक आणले, सोळा सहकारी सिनेटरांच्या पाठिंब्याने. एरिसाची आणि मेडिकेअरची अडचण तिथे सुटते, कारण दोन्ही कायदे काँग्रेसचेच. पैशासाठी सँडर्स यांनी संभाव्य करांची यादी काढली. ती विधेयकाबाहेर, वेगळ्या टिपणात होती.